मोबाइलच्या पडद्यावरील 'दाबावयाचे' शब्द

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला रेघेचे महत्त्व निराळे सांगावयास नको. बेरजेखाली एक रेघ, अंतिम बेरजेखाली दोन. दुहेरी रेघ दिसली की हिशेब मिटला. मोबाइलच्या पडद्यावर मात्र शब्दाखालील रेघेचा अर्थ नेमका उलटा आहे. तेथे रेघ म्हणजे 'येथे बोट ठेवा, पुढे काही उघडेल'. निळा रंग व खाली रेघ ही खूण १९९३ च्या मोझॅक ब्राउझरपासून रूढ झाली. प्रस्तुत लेखात अशा खुणांचा विचार आपल्या लिप्या व आपले व्यवहार यांच्या दृष्टीने करावयाचा आहे.

डोनाल्ड नॉर्मन यांनी रोजच्या वस्तूंच्या रचनेवर १९८८ मध्ये एक पुस्तक लिहिले. २०१३ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी 'सिग्निफायर' या कल्पनेवर भर दिला. आपण तिला 'सूचक' म्हणू. दार ढकलावयाचे की ओढावयाचे हे मुठीवरून कळावे, तसे कोणता शब्द वाचावयाचा व कोणता दाबावयाचा हे पाहताक्षणी कळले पाहिजे. संगणकावर माउसचा बाण दुव्यावर नेला की त्याचा हात होतो. मोबाइलवर बोट टेकेपर्यंत काहीच कळत नाही, आणि टेकल्यावर कळून उपयोग काय?

खरी अडचण अशी की या खुणा इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या आहेत. गूगलच्या २०१४ च्या 'मटेरियल डिझाइन'मध्ये बटणावरील शब्द कॅपिटल अक्षरांत असत. देवनागरीत कॅपिटल आणावयाची कोठून? कन्नड व गुजरातीतही ती नाहीत. परिणामी 'रद्द करा' हे बटण भाषांतरानंतर साध्या मजकुरासारखे दिसते. रेघेचीही तीच गत. आपल्या अक्षरांना डोक्यावर शिरोरेषा आहेच. खाली आणखी रेघ ओढली की 'पुढे'मधला उकार आणि 'कृपया'मधला ऋकार कापला जातो. कन्नडमध्ये जोडाक्षराचे दुसरे व्यंजन खाली लोंबते, तेव्हा तेथे तर अधिकच गोंधळ. वाचकांनी आपल्याच अंकाच्या कन्नड विभागातील एखाद्या ओळीला चिकटून पेन्सिलीने रेघ ओढून पाहावी.

मग रंग? अॅपलने २०१३ मध्ये बटणांच्या चौकटी काढून बहुतेक ठिकाणी नुसते रंगीत शब्द ठेवले. पुढच्याच वर्षी बटणांना आकार परत देण्याची सोय सेटिंगमध्ये करावी लागली. रंगांधळ्या माणसाला रंग फसवतो, आणि भर उन्हात फिकट पडद्यावर तो कोणालाही फसवतो. माझ्या मते आपल्या लिप्यांना चौकटच मानवते. तीही बोटाला पुरेल एवढी: अॅपल ४४ पॉइंट सांगते, गूगल ४८ एकक.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नव्हे. सुरतेत रिंग रोडच्या कापडबाजारापासून उधना-लिंबायतच्या टपरीपर्यंत यूपीआयने पैसे फिरतात. खानदेशातून लूमवर कामाला आलेल्या कित्येकांना मराठी वाचता येते, इंग्रजी ओळखीपुरती. अशा माणसाला कोणी फोन करून 'पैसे पाठवतो, आलेल्या सूचनेवर दाबा' असे सांगितले, की पडद्यावर प्रथम दिसते ते ठळक रंगाचे बटण. ते असते पैसे देण्याचे. वर बारीक अक्षरांत लिहिलेली मागणी कोण वाचतो? पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हा नियम बटणाच्या शेजारी मोठ्या मराठी अक्षरांत असता तर कितीतरी पगार वाचले असते! अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे पाठवावयाच्या अशा मागण्या राष्ट्रीय भुगतान निगमने बंद केल्या. दुकानदारांच्या मागण्या मात्र चालू राहिल्या.

काही ठिकाणी खूण अजाणता चुकत नाही, मुद्दाम चुकविली जाते. 'विमा हवा' हे भरगच्च रंगीत बटण, आणि 'नको' हा खाली फिकट राखाडी शब्द, जणू तो दाबावयाचा नाहीच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या रचनांचे १३ प्रकार दिले आहेत, त्यांत ग्राहकाची दिशाभूल करणारी अशी पडद्याची मांडणीही येते. तक्रार १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर करता येते.