फोर्कलिफ्टची चावी आणि मालकाचे कर्तव्य

चाकणचा कारखाना असो, भिवंडीचे गोदाम असो वा न्हावा शेवा बंदराचा परिसर असो, मालाची चढउतार आता मोठ्या प्रमाणावर फोर्कलिफ्टच्या साहाय्याने होते. श्रम व वेळ वाचविणारे हे यंत्र वरकरणी साधे दिसते. त्यामुळेच नेहमीचा चालक रजेवर असला की, एखाद्या मदतनिसाच्या हाती त्याची चावी देण्याचा मोह होतो. पुढे अपघात घडला तर ‘चालकाची चूक’ असे म्हणून प्रकरण मिटविले जाते. कायद्याचा पहिला प्रश्न मात्र निराळा आहे : त्या चालकाला शिकविले कोणी?

यंत्राचा स्वभाव

मोटार चालविता येते म्हणून फोर्कलिफ्ट चालविता येईलच असे नाही. हे यंत्र सामान्यतः मागील चाकांनी वळते. त्यामुळे वळण घेताना त्याचा मागील भाग बाहेर फेकला जातो आणि शेजारून जाणारा कामगार त्याच्या तडाख्यात सापडतो. दोन-अडीच टन भार उचलणाऱ्या यंत्राचे स्वतःचे वजनही साडेतीन टनांच्या आसपास असते. समोरच्या काट्यांवरील माल आणि मागील प्रतिभार यांचा तोल पुढील चाकांवर तराजूप्रमाणे साधलेला असतो. पुढील दोन चाके आणि मागील आसाचा मध्यबिंदू मिळून एक त्रिकोण होतो. भारासह यंत्राचा गुरुत्वमध्य या त्रिकोणाबाहेर गेला की यंत्र कलंडते.

यंत्रावरील क्षमतापट्टीवर भाराचे वजन आणि काट्यांच्या मुळापासून भारकेंद्राचे अंतर, असे दोन्ही आकडे असतात. माल लांबट असेल, तर पट्टीवरील पूर्ण वजन उचलणे धोक्याचे ठरते. भार उंच धरून वळणे किंवा उतारावर आडवे जाणे त्याहून घातक होय. यंत्र कलंडू लागल्यास उडी मारावी, असे मनुष्याला स्वाभाविकपणे वाटते. परंतु उडी मारणारा बहुधा यंत्राच्या छताखालीच चिरडला जातो. अशा वेळी आसनाचा पट्टा बांधलेला असावा आणि चालकाने चाक घट्ट धरून पडण्याच्या विरुद्ध दिशेला झुकावे. ही गोष्ट अनुभवाने शिकण्याची नव्हे, कारण तो अनुभव अखेरचा ठरू शकतो.

कायद्याची तरतूद

१९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना अधिनियम, १९४८ मध्ये महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक ती माहिती, सूचना, प्रशिक्षण व देखरेख पुरविणे हे भोगवटादाराचे कर्तव्य म्हणून स्पष्टपणे नमूद करण्यात आले. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिच्या कलम ६ मध्ये हेच कर्तव्य मालकावर सोपविलेले आहे. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना ही संहिता लागू असल्याने गोदामांचे मालकही त्यातून सुटत नाहीत.

कर्तव्यात कसूर झाल्यामुळे अपघात होऊन कामगाराचा मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

प्रशिक्षण कसे असावे?

‘आवश्यक ते प्रशिक्षण’ म्हणजे काय, याचा चांगला नमुना अमेरिकेत १९९९ पासून लागू असलेल्या नियमात आढळतो. त्यात तीन पायऱ्या आहेत : वर्गातील शिक्षण, प्रत्यक्ष सराव आणि कामाच्या जागी परीक्षा. दर तीन वर्षांतून किमान एकदा चालकाची पुन्हा पारख करावी लागते. अपघात झाला, थोडक्यात टळला किंवा निराळ्या जातीचे यंत्र हाती आले, तर उजळणी आवश्यक ठरते. चालकाचे व प्रशिक्षकाचे नाव आणि शिक्षणाच्या व परीक्षेच्या तारखा यांची लेखी नोंद ठेवावी लागते.

आपल्याकडील लहान उद्योजकालाही हे अवघड नाही. शिक्षण मात्र त्याच यंत्रावर आणि त्याच आवारात व्हावे. अरुंद वाटा, आंधळी वळणे, उतार आणि पादचाऱ्यांचे मार्ग चालकाला तेथेच दाखवावेत. काम संपल्यावर काटे जमिनीवर टेकविणे, ब्रेक लावणे आणि चावी काढून जबाबदार व्यक्तीकडे देणे, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी.

कामगाराचा वाटा

स्वतःची व इतरांची काळजी घेणे हे कामगाराचेही कर्तव्य आहे. त्याचबरोबर सुरक्षिततेविषयी माहिती मागण्याचा आणि गंभीर धोका दिसल्यास तो मालकाच्या व निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचा हक्क संहितेने त्याला दिला आहे. न शिकविलेले यंत्र चालविण्यास सांगितले गेल्यास त्याने संकोच न करता तसे सांगावे.

४ मार्च रोजी राष्ट्रीय सुरक्षा दिनी अनेक कारखान्यांत शपथ घेतली जाते. त्या शपथेला अर्थ यावयाचा असेल, तर शिकलेल्या चालकांची यादी यंत्राजवळ लावावी आणि तीत नाव नसलेल्याच्या हाती चावी देऊ नये. प्रशिक्षणासाठी दोन-चार दिवसांचे काम खोळंबेल खरे. पण त्या दिवसांची भरपाई होऊ शकते, गेलेल्या जीवाची होत नाही.