पहिले पिवळे दूध

गाय व्याली की घरात खरवस होतो. शेजारीपाजारी वाटी जाते. "चिकाचा आहे हो, खा, अंगी लागेल," असे आपण आग्रह करकरून सांगतो. शहाणा शेतकरी मात्र आधी वासराला पोटभर चीक पाजतो आणि मग उरलेला घरात आणतो. चिकावाचून वासरू रोगट होते, पुष्कळदा दगावते, हे त्याला ठाऊक असते.

आता घरात सून बाळंत झाली, म्हणजे काय होते ते पाहा. तिचे पहिले दूध पिवळसर आणि चिकट येते. सासूबाई म्हणतात, "सूनबाई, हे साचलेलं दूध आहे. पिळून टाक. पांढरं दूध उतरलं की मग पाज." तोवर बाळाला मध चाटवतात, नाहीतर गुळाचे पाणी देतात. गाईचा चीक पौष्टिक आणि आईचा चीक घाण, हा न्याय कुठला?

सासूबाईंना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या सासूने त्यांना तसेच सांगितले होते. पण हा चीक आहे तरी काय, ते आपण नीट समजून घेऊ.

चिकाचा पिवळा रंग म्हणजे घाण नव्हे. गाजराला जे द्रव्य रंग देते, त्याच जातीचे द्रव्य चिकात असते. त्यापासून शरीरात 'अ' जीवनसत्त्व तयार होते. पुढच्या दुधापेक्षा चिकात प्रथिने जास्त असतात आणि स्निग्धांश कमी असतो. त्यामुळे तो कोवळ्या पोटाला जड जात नाही. चिकाने बाळाची पहिली काळी शीही लवकर साफ होते.

पण चिकाचा मोठा गुण वेगळाच आहे. पोटात असताना बाळाला आईच्या रक्तातून रोगाशी लढणारी काही द्रव्ये मिळतात. मात्र त्याच्या आतड्याला पहारा नसतो. तो पहारा चीक बसवतो. आई ज्या घरात राहते, जे पाणी पिते, तिथल्या जंतूंची तिच्या शरीराला ओळख झालेली असते. त्याच जंतूंना अडवणारी द्रव्ये तिच्या दुधात उतरतात. म्हणजे ज्या गावात बाळाला राहायचे, त्या गावच्या रोगांवरचा उपाय त्याला आईकडूनच मिळतो. असे दूध कोणत्याही डब्यात भरून मिळत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती थोडी अवघड आहे, पण स्वयंपाकघरातल्या दाखल्याने समजेल. वांगे चिरून ठेवले की काळे पडते. लोखंड उघड्यावर राहिले की गंजते. ही हवेतल्या प्राणवायूची करणी. प्राणवायूवाचून आपण जगत नाही, पण तो शरीराला थोडी झीजही लावतो. आईच्या पोटात बाळाला प्राणवायू बेताचा मिळतो. जन्मल्यावर पहिला श्वास घेतला की तो एकदम वाढतो. ही झीज रोखणारी द्रव्ये असतात. त्यांना डॉक्टर अँटिऑक्सिडंट म्हणतात. 'ई' जीवनसत्त्व आणि गाजराच्या जातीचे ते पिवळे द्रव्य ही त्यांतलीच. ही दोन्ही चिकात भरपूर असतात, पुढच्या दुधात कमी होतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची स्वतःची तयारी अपुरी असते. म्हणून अशा बाळाला तर चिकाचा एकेक थेंब मोलाचा.

"पण बाई, दूधच नाही ना आलं! चमचाभर येतं, त्यानं काय होणार?" ही तक्रार घरोघर ऐकू येते. अहो, पहिल्या दिवशी बाळाचे पोट केवढे? गोटीएवढे! त्याला चमचा-दोन चमचे पुरतात. बाळ जसजसे चोखते, तसतसे दूध वाढते. वरचे पाजले तर बाळ चोखत नाही, आणि मग दूध खरोखरच कमी होते. म्हणून जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळाला अंगाशी लावावे. पोट फाडून बाळंतपण झाले असेल, तरी आई शुद्धीवर असली की कोणीतरी आधार देऊन बाळाला पाजता येते.

मध तर मुळीच नको. मधात कधीकधी असे जंतू असतात की त्यांनी तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडतात. वर्षाच्या आत मध देऊ नये. सहा महिने पाणीही नको, उन्हाळा असला तरी नको. आईच्या दुधात शंभर भागांत जवळजवळ अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते. एका बाजूचे दूध संपेपर्यंत पिऊ द्यावे. शेवटचे दूध जास्त दाट असते, त्याने पोट भरते.

आईच्या दुधात सगळे असते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. 'ड' जीवनसत्त्व त्यात थोडे असते. त्याचे थेंब डॉक्टरांना विचारून द्यावेत. सहा महिन्यांनंतर लोहही कमी पडू लागते. तेव्हा मऊ भात, वरण, भाजी सुरू करावी आणि अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत, हवे तर पुढेही, चालू ठेवावे.

एखाद्या आईला खरोखरच पाजता येत नाही. ती फार आजारी असते, किंवा बाळ दूर काचेच्या पेटीत असते. अशा बाळांसाठी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. इतर मातांनी दिलेले दूध तापवून, जंतू मारून अशा बाळांना देतात. तापवल्याने दुधातले काही गुण कमी होतात. म्हणून स्वतःच्या आईचे दूध थोडे जरी निघाले, तरी आधी ते द्यावे.

बाळ चोखू शकत नसेल, तर हात साबणाने धुऊन स्वच्छ वाटीत चीक पिळावा आणि चमच्याने हळूहळू पाजावा. बाटली नको. ती धुऊन स्वच्छ होणे कठीण. पाचव्या दिवसापासून बाळाची दिवसाला सहा तरी दुपटी ओली झाली, तर दूध पुरते आहे असे समजावे. कमी झाली, किंवा बाळ सुस्त पडून राहू लागले, तर वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे.