उत्तरेला निघताना तारीख सैल ठेवा

सिअ‍ॅटलहून चार आसनी विमानाने घरच्यांना घेऊन अलास्काला जायचं कुणी ठरवलं की मी पहिला प्रश्न विचारते: परतायची तारीख कुणाला देऊन बसला आहात का? ऑफिसला, शाळेला, भारतात परतणाऱ्या आजी-आजोबांच्या तिकिटाला? दिली असेल तर आधी ती सोडवून घ्या. या वाटेवर डोंगर आणि ढग जितके धोक्याचे, तितकीच ती तारीखही. खिंडीच्या तोंडाशी ढग टेकलेले दिसतात आणि मन हिशोब मांडायला लागतं, की आज गेलो नाही तर शुक्रवार चुकणार. तो हिशोब मी हवेत असताना केलेला आहे, म्हणून सांगते.

आम्ही चौघं होतो. मी चालवणारी, शेजारी नवरा, मागे लेक आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई. वाट निवडली ती अलास्का महामार्गाची: प्रिन्स जॉर्ज, फोर्ट सेंट जॉन, फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स आणि मग अलास्कातलं नॉर्थवे. किनाऱ्याची वाट फार देखणी आहे, पण केचिकनला वर्षाला साडेतीन मीटरहून जास्त पाऊस पडतो, ढग पाण्यापर्यंत उतरतात आणि इंजिनाने दगा दिला तर उतरायला सपाट जमीन सापडणं कठीण. मॅकेन्झीहून विलिस्टन जलाशयावरून वायव्येला जाणारी वाट सगळ्यांत जवळची; तिथे वॉटसन लेकपर्यंतच्या सुमारे ६३० किलोमीटरमध्ये पेट्रोलचा भरवसा नाही. १९४२ साली युद्धाच्या घाईत बांधलेला महामार्ग मात्र खाली सतत सोबत करतो. अमेरिकेने रशियाला दिलेली लढाऊ विमानं याच पट्ट्यातल्या धावपट्ट्यांवरून पुढे गेली होती, त्या आजही आपल्या कामाला येतात. म्हातारं माणूस आणि लेकरू सोबत असेल तर वळसा पडला तरी हीच वाट धरा.

फोर्ट नेल्सनच्या पश्चिमेला हा रस्ता रॉकी पर्वतात शिरतो आणि समिट लेकपाशी सुमारे १,३०० मीटरवर चढतो. महामार्गावरची ही सर्वांत उंच जागा. आम्ही निघालो तेव्हा फोर्ट नेल्सनला आकाश मोकळं होतं, वॉटसन लेकचा अहवालही चांगला होता. पण दोन टोकांचे अहवाल मधल्या खिंडीबद्दल काही सांगत नाहीत. तिथे पोचलो तर दोन्ही बाजूंचे कडे अर्ध्यावर ढगात गेलेले आणि खाली रस्ता ओला, काळा, स्पष्ट दिसतोय. हा दिसणारा रस्ताच माणसाला पुढे ओढतो. मागून हेडसेटमध्ये सासूबाईंचा आवाज आला, "अगं, ते ट्रकवालेसुद्धा दिवे लावून चाललेत. आपण कशाला पुढे जायचं?" दरी अजून रुंद होती, तेवढ्यात वळले.

वळायचं कसं हे जमिनीवर असतानाच पक्कं करा. दरीच्या मधोमध कधीच उडू नका. उजव्या कडेने चला, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी मिळते. वेग आधीच कमी करा. आणि खिंड निमुळती होण्याआधी कुठल्या ठिकाणी निर्णय घ्यायचा ते नकाशावर खूण करून ठेवा. निघण्याआधी हवामानाचे कॅमेरे बघा. अलास्कात आणि कॅनडातही कित्येक ठिकाणी ते बसवलेले आहेत आणि आत्ताची चित्रं घरबसल्या दिसतात.

पुढचे काही दिवस खिंड तशीच राहिली. मोटेलमधून सासूबाईंचं मुंबईचं तिकीट पुढे ढकललं. बदलता येणारं तिकीट महाग पडतं, तरी तेच घ्या. शिवाय विमान दोरांनी बांधून ठेवून घरच्यांना रस्त्याने पुढे पाठवण्याइतके पैसे वेगळे काढून ठेवा. ते हाताशी असले की मागे फिरणं सोपं जातं.

आता वजनाचं. आमचं विमान इंधन, माणसं आणि सामान मिळून ५२० किलो उचलतं. पूर्ण भरलेल्या टाक्यांत ३३० लिटर, म्हणजे साधारण २३७ किलो गेले. चौघं कपड्याबुटांसकट २३५. उरले ४८, त्यातले पंचवीसेक जीव वाचवण्याच्या सामानाला. प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सहा किलोची पिशवी. सगळ्यांना घरच्या काट्यावर उभं करा, अंदाज सांगू देऊ नका. सासूबाईंच्या लाडवांचा डबासुद्धा आम्ही काट्यावर ठेवला होता. फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक हवेतून ३८० किलोमीटरच आहे, मग टाकी पूर्ण कशाला, असं नवरा म्हणाला होता. खिंडीपर्यंत जाऊन परत यायचं आणि तरी हातात पर्याय राहायला हवेत, त्यासाठी. एका मुक्कामी पंप होता, पेट्रोलही होतं, फक्त कार्ड घेणारं यंत्र बंद आणि किल्लीवाला माणूस गावाबाहेर. आदल्या दिवशी फोन करून विचारत जा.

जीव वाचवण्याच्या सामानाबाबत अलास्काचा कायदाच आहे: माणशी आठवड्याचं अन्न, कुऱ्हाड, प्रथमोपचार, मासे धरायचं साहित्य, सुरी, आग पेटवायचं साधन, खुणा करायची साधनं आणि डोक्यावर घ्यायची डासांची जाळी. थंडीच्या मोसमात यादी आणखी वाढते. पण लायटर, शिट्टी आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र खिशात हवं, पिशवीत नको. विमान पेटलं किंवा पाण्यात गेलं तर पिशवी तुमच्याबरोबर बाहेर येईलच असं नाही.

कागदपत्रांत भारतीय कुटुंबं अडकतात ती कॅनडाच्या व्हिसावर. अमेरिकेचा व्हिसा असला तरी आजीला कॅनडाचा वेगळा लागतो, एच-वन-बीवाल्यांनाही लागतो. ग्रीन कार्डवाल्यांना पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. तो व्हिसा हातात आल्याशिवाय काहीच ठरवू नका. कॅनडाच्या सीमाशुल्क खात्याला पोचण्याआधी २ ते ४८ तासांच्या आत फोन करायचा. अमेरिकेतून बाहेर पडताना आणि परत शिरताना प्रवाशांची यादी निदान तासभर आधी ऑनलाइन भरायची, नावं पासपोर्टावर आहेत तशीच. नॉर्थवेला अधिकारी तुमच्या वेळेला हजर राहतील याची फोनवर खात्री करून घ्या. विमा कॅनडात चालतो का, तेही लेखी घ्या.

जूनमध्ये व्हाइटहॉर्सला १९ तास उजेड असतो. अंधार पडत नाही म्हणून थकवा कळत नाही आणि रात्री नऊलाही अजून एक टप्पा मारावासा वाटतो. दोन तासांहून लांब टप्पा नको, दिवसाला दोनच टप्पे. लेकरांच्या लघवीचा आणि कानदुखीचा प्रश्नही त्यातच सुटतो.

फ्लाइट प्लॅन प्रत्येक टप्प्याचा द्या. १९७२च्या ऑक्टोबरमध्ये अँकरेजहून जुनोला निघालेलं खासदार हेल बॉग्ज आणि निक बेगिच यांचं विमान ३९ दिवस शोधूनही सापडलं नाही, इतका हा मुलूख मोठा आहे. उतरल्यावर तो प्लॅन बंद करायचा, सामान काढण्याआधी. अमेरिकेत पोचायची वेळ उलटून अर्धा तास झाला की शोध सुरू होतो, कॅनडात तासाभराने. आमच्याकडे हे काम लेकीकडे दिलं होतं: इंजिन थांबलं की ती फोन माझ्या हातात देई आणि मी बोलून होईपर्यंत दार उघडू देत नसे.