जखमेवर कोणती पट्टी बांधावी?

जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, खपली धरली म्हणजे ती बरी होऊ लागली, अशी समजूत फार काळ रूढ होती. 1962 साली जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने तिची परीक्षा घेतली. डुकरांच्या त्वचेवर सारख्याच उथळ जखमा करून त्याने काही उघड्या ठेवल्या व काहींवर पॉलिथीनचा पातळ पापुद्रा बसविला. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने पसरलेली आढळली.

याचे कारण असे की, जखम भरताना त्वचेच्या पेशी कडांकडून मध्याकडे सरकतात. पृष्ठभाग ओलसर असल्यास त्यांचा मार्ग सुगम होतो. खपली धरल्यास त्यांना तिच्या खालून वाट काढावी लागते. परंतु ओलावाही बेताचाच हवा. पाझरणारा द्रव साचून राहिला तर भोवतालची निरोगी त्वचा भिजून पांढरी पडते व सोलवटते. हा तोल राखणे हेच पट्टीचे मुख्य कार्य होय.

म्हणून जखमेतून द्रव किती पाझरतो, हे प्रथम पाहावे लागते. कोरड्या जखमेला ओलावा पुरविण्यासाठी पाण्याचा अंश पुष्कळ असलेली हायड्रोजेलची पट्टी वापरतात. स्राव थोडा असल्यास पारदर्शक पापुद्रा पुरतो. स्राव पुष्कळ असल्यास स्पंजासारखी फोमची पट्टी किंवा सागरी शेवाळापासून केलेली अल्जिनेटची पट्टी योग्य ठरते. अल्जिनेट द्रव शोषून स्वतः मऊ, बुळबुळीत होते. तेच कोरड्या जखमेवर ठेवल्यास चिकटून बसते. एका जखमेला हितकर असलेली पट्टी दुसरीला अपायकारक ठरते, ती अशी.

दवाखान्यात नित्य दिसणारे गॉज स्वस्त व शोषक असते. मात्र ते वाळले म्हणजे त्याचे धागे कोवळ्या त्वचेत रुततात आणि पट्टी ओढताना नवी त्वचाही उखडली जाते. यासाठी खाली व्हॅसलीन लावलेल्या जाळीचा थर देतात, आणि चिकटलेली पट्टी निर्जंतुक मिठाच्या पाण्याने भिजवून सोडवितात. कापूस मात्र थेट जखमेवर ठेवू नये. त्याचे तंतू आत राहतात.

महागड्या पट्ट्या सर्वांना परवडत नाहीत. मुंबईतील डॉक्टरांनी भाजलेल्या जखमांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या साली व निर्जंतुक केलेली केळीची पाने वापरून पाहिली. जखमेला न चिकटणे व ओलावा टिकविणे, हेच तत्त्व त्यांमागे आहे. अर्थात झाडावरचे पान तोडून तसेच लावणे धोक्याचे होय.

घरी किरकोळ जखम झाल्यास प्रथम हात धुवावेत, स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे, जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी व मगच पट्टी बांधावी. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. त्यावर बर्फ, तूप किंवा दंतमंजन लावू नये. जखम खोल असेल, प्राण्याच्या चाव्याची असेल, तिच्यात पू दिसेल, किंवा लाली पसरून ताप येईल, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. मधुमेही माणसाच्या पायाची जखम लहान दिसली तरी तिला हाच नियम लागू आहे. दुखणे न जाणवल्यामुळे ती आतून पसरत जाते व प्रसंगी पाय गमवावा लागतो.

जखम भरत जाते तसा तिचा स्रावही पालटतो. काल योग्य असलेली पट्टी आजही योग्य असेलच असे नाही. म्हणून प्रत्येक वेळी पट्टी सोडल्यावर आधी जखम नीट पाहावी, आणि मग नवी पट्टी निवडावी.