सडा, खाजन, खाडी: नातीला कानमंत्र

बाय, डिचोलीत वाढलेल्या माणसाला व्हाळ कळतो, डोह कळतो, डोंगर कळतो. मुरगावात बिऱ्हाड मांडशील तेव्हा मात्र खाऱ्या पाण्याशी गाठ आहे. इथले पाच शब्द कानात ठेव.

सडा. डोंगराच्या माथ्यावरचं जांभ्याचं सपाट रान म्हणजे सडा. हेडलँड सड्याला नाव त्यावरूनच पडलं. वर माती वीतभर, खाली सच्छिद्र दगड. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं आणि पायथ्याला झरीतून, विहिरीतून बाहेर येतं. म्हणून सड्यावर घाण टाकू नये; वरच्याची घाण खालच्याच्या घागरीत उतरते. आणि जांभ्याच्या खाली मऊ माती असते. उतार उभा कापून त्याच्या पायथ्याशी बांधलेलं घर स्वस्त मिळालं, तरी घेऊ नकोस. मुसळधार पावसात तोच कडा खाली येतो.

खाजन. कुठ्ठाळीकडे खाडीलगत सपाट हिरवी शेतं दिसतील. ती भरतीच्या पातळीहून खाली आहेत. बांध घालून पूर्वजांनी ती समुद्राकडून मिळवली आणि बांधात मानस बसवली. भरतीचं पाणी रेटलं की तिचं दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं. खारं सोसणारा कोरगुट भात तिथेच पिकतो. खाजन भरून काढलेला प्लॉट कोणी दाखवला, तर एवढंच विचार: पावसाचं पाणी आता कुठे जाणार? उत्तर मिळालं नाही तर उठून ये.

खाडी. जुवारी नदी खरी, पण मुखाशी ती खाडीच. दिवसातून दोनदा पाणी आत येतं, दोनदा बाहेर जातं. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालच्या घड्याळावर आज विसंबू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाची ओहोटी लांबवर चिखल उघडा पाडते. तिसऱ्या काढायला जायचं असेल, तर पाणी ओसरत असताना उतर आणि ते वळण्याआधी काठावर ये. चिखलात पाय रुतला की धावता येत नाही.

बार. नदीच्या तोंडाशी वाळूचा बांध साचतो, तो बार. मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा बार आहे. पावसाळ्यात तिथे लाटा अशा फुटतात की बार्जना तिथून बाहेर पडता येत नाही. तुझ्या डिचोलीचं खनिज त्या दिवसांत कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायचं आणि मुरगावला पोचायचं. मुरगावला भूशिराचा आडोसा आणि वर लाटा अडवणारा दगडी बांध, म्हणून हे बंदर बारमाही. यातला धडा असा: शांत दिसणारं नदीचं तोंड सर्वांत दगाबाज असतं. होडीवाला नको म्हणाला, तर हट्ट धरू नकोस.

खडप. बायणा, बोगमाळो इथल्या किनाऱ्यांना कडेला खडपं आहेत. शेवाळलेल्या खडपावर पाय टाकू नये, आणि लाटेकडे पाठ करून फोटो तर मुळीच काढू नये. पोहताना पाहा: दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधे पट्टा सपाट, गडद दिसतोय? तीच जागा माणसाला आत ओढते. सापडलीस तर ओढीशी झगडू नकोस. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला हो, मग लाटेबरोबर बाहेर ये. जून ते सप्टेंबर दर्यात उतरायचंच नाही.

शेवटचं सांगते. इथे जमीन घ्यायची झाली, तर ती वैशाखात एकदा आणि आषाढात एकदा पाहा. विहीर कधी आटते, पाणी कुठवर चढतं, हे शेजारच्या म्हाताऱ्याला विचार. त्यानंतरच कागदावर सही कर.