आधी बादली, मग बाबागाडी

पोरी,

काल फोनवर म्हणालीस, "आजोबा, दोघांना एकदम बसवता येईल अशी हलकी बाबागाडी घ्यायची आहे. तुम्ही चाकांतला माणूस. कुठली घेऊ?"

कुठली, ते मी सांगणार नाही. मॉडेलं दर वर्षी बदलतात आणि दुकानदार ती माझ्यापेक्षा चांगली सांगेल. पण औरंगपुऱ्यात चाळीस वर्षं सायकली खोलून बसलेल्या माणसाला, वस्तूला हात कुठे लावून बघायचा, एवढं कळतं. तेवढं सांगतो. कानात सांगायच्या गोष्टी कागदावर लिहितोय, कारण फोनवर आता माझेच कान साथ देत नाहीत.

दुकानात जाण्याआधी बादली भर

१० लिटरची बादली भर. एका हातात ती घे आणि दुसऱ्या बाजूला कडेवर आठ किलो तांदळाची पिशवी. धाकटीला या परीक्षेत घेऊ नकोस. आता तळमजल्यापासून तुझ्या दुसऱ्या मजल्यापर्यंत चढून ये. थोरल्याला पुढे चालू दे. दर तीन पायऱ्यांवर तो थांबेल, तेही परीक्षेतच धर. हे सगळं नळाला पाणी येईल त्या दिवशी कर आणि वर पोचल्यावर बादली ड्रममध्ये ओत. आठवड्याने येणारं पाणी मी जिन्यात सांडायला लावलं असं तुझ्या सासूबाईंच्या कानावर जायला नको.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बादलीचं धरून साडेदहा झाले. खोक्यावर 'हलकी' म्हणून छापलेल्या दोघांच्या पुष्कळ गाड्या याच्या आसपास भरतात. एकामागे एक सीटवाल्या त्याहून जड, तेरा-पंधरा किलोपर्यंत. बादलीने दुसऱ्याच मजल्यावर दम काढला तर खोक्यावर काय छापलंय याला अर्थ नाही. गारखेड्यातल्या तुझ्या इमारतीला लिफ्ट नाही, दुपारी नवरा वाळूजला कामावर आणि घरात तू एकटी. गाडीचं वजन त्या वेळचं धरायचं. विचारताना टप, गादी, खालची टोपली सगळं धरून किती, ते विचार.

आणि बादली झेपली नाही तर लाजू नकोस. गाडी खाली जिन्याखाली ठेवता येईल का ते बघ. तिथे तुमचे पाण्याचे ड्रम आहेत हे मला माहीत आहे. सोसायटीत आधी बोल, मग पैसे मोज.

घर मोज, मग गाडी मोज

जोडगाड्या दोन जातीच्या. एकीत पोरं शेजारी-शेजारी बसतात, दुसरीत एकामागे एक. शेजारी-शेजारीवाली रुंद, साधारण ३० इंच. तुझ्या खोलीच्या दाराची चौकट अडीच फुटी, म्हणजे तीसच इंच. त्यातून उघडलेलं दार स्वतःची जाडी खातं, कडी खाते, चौकटीची खाच खाते. हाती उरतात सत्तावीस-अठ्ठावीस. मुख्य दार तीन फुटी असतं, तिथून गाडी आत येईल आणि हॉलमध्येच राहील. टेप घे आणि मोकळी जागा मोज, चौकट नको. तुझ्या सिडकोतल्या आत्याच्या रो-हाउसचं लोखंडी फाटकही मोज. रविवारी तिथेच जायचं असतं.

एकामागे एकवाली दारातून सुळकन जाते, पण लांब असते. जिन्याच्या वळणावर आणि किराणा दुकानाच्या दोन मांडण्यांमध्ये ती अडते. रस्त्यावरून फुटपाथवर चढवताना दांडी खाली दाबून पुढची चाकं उचलावी लागतात, आणि तेव्हा पुढच्या पोराचं सगळं वजन तुझ्या मनगटावर येतं. मागच्याला दिसते फक्त पुढच्याची पाठ. त्याला पाय पसरायला जागा आहे का तेही बघ. शेजारी-शेजारीत दोघांना सारखं दिसतं, बिस्किट वाटून खाता येतं आणि एकमेकांचे केसही ओढता येतात. दोन्हीत काहीतरी सोसावंच लागतं. तुझ्या घराला आणि मनगटाला काय सोसेल ते तू ठरव.

घरानंतर डिकी. तुमच्या कारमध्ये सीएनजीची टाकी बसवलेली आहे. उरलेल्या जागेची लांबी, रुंदी, उंची कागदावर लिहून ने आणि मिटलेली गाडी दुकानातच मोज. रिक्षाने जायचं असेल तर मिटलेली गाडी तुझ्या पायांपुढे उभी राहायला हवी, कारण दोन्ही लेकरं तेव्हा मांडीवर असतात.

चाक आधी, गादी नंतर

दुकानात सगळे आधी गादी दाबून बघतात. तू गाडी उचल आणि चाक फिरव. चाक डुलत फिरलं तर ते आऊट आहे. सायकलचं आऊट मी तारा आवळून काढायचो. या प्लास्टिकच्या चाकाला तारा नाहीत, ते कायमचं आऊट. मग चाक बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलव. नव्या गाडीतच ते खडखड वाजलं तर सहा महिन्यांनी काय होईल?

छोटी टणक चाकं मॉलच्या फरशीवर लोण्यासारखी चालतात. आपल्या गल्लीत ड्रेनेजचं झाकण रस्त्यापेक्षा दोन बोटं वर असतं, पेव्हर ब्लॉकमध्ये फटी असतात, आणि स्पीडब्रेकर ज्याला जिथे वाटला तिथे घातलेला असतो. छोटं चाक अशा फटीत अडकलं की गाडी जागीच थांबते आणि लेकरं पुढे झेपावतात. म्हणून चाक जेवढं मोठं आणि रबराचं तेवढं बरं. वजन थोडं वाढेल, ते वाढू दे. पुढची चाकं गरागरा वळणारी असावीत, पण खडबडीत रस्त्यावर ती सरळ लॉक करता यायला हवीत.

आता खरी परीक्षा. थोरल्याला एका बाजूला बसव आणि दुसरी बाजू रिकामी ठेव. एका हाताने गाडी सरळ ढकल. शेजारी-शेजारीवाली जड बाजूकडे ओढते. तुझा थोरला बारा किलोचा, धाकटी सात, त्यामुळे थोडी ओढणारच. पण दहा पावलांत ती भिंतीला जाऊन भिडली तर ती तुझ्या कामाची नाही. ही परीक्षा दुकानातल्या फरशीवर करू नकोस, "जरा बाहेर नेऊन बघते" म्हण. खरा दुकानदार नाही म्हणत नाही.

पाय आणि बोटं

१९७५ सालची गोष्ट. तुझी आई पुढे नळीवरच्या छोट्या सीटवर, मामा मागे कॅरिअरवर. शहागंजातून घरी येत होतो. मामाला झोप लागली, पाय सैल पडला आणि टाच मागच्या चाकाच्या तारांत गेली. ती किंकाळी अजून ऐकू येते. त्याच्या टाचेवरचा व्रण तू पाहिला आहेस. तो कसा झाला ते त्याने माझ्या भिडेने तुला कधी सांगितलं नसेल. दुकानात मी दुसऱ्यांच्या चाकांना जाळ्या बसवून देत होतो. माझ्या सायकलला जाळी नव्हती.

म्हणून सांगतो, झोपलेल्या पोराचा पाय खाली लोंबला तर चाकाला लागतो का ते बघ. पायाखाली पट्टी किंवा फळी हवी, आणि शेजारी-शेजारीत ती दोन सीटची मिळून एकच सलग हवी, मध्ये फट नको. पट्टा पाच ठिकाणी बांधणारा हवा: दोन खांदे, दोन बाजू, एक मांड्यांमधून. फक्त कमरेचा पट्टा असला की पोर खाली सरकतं.

बोटांचं त्याहून महत्त्वाचं. गाडी जिथे मिटते तिथे कात्री तयार होते. २००९ मध्ये अमेरिकेत मिटत्या बाबागाड्यांच्या सांध्यांत मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या तक्रारी आल्या आणि सुमारे १० लाख गाड्यांसाठी सांध्यांवर बसवायची झाकणं द्यावी लागली. सांधा उघडा आहे की झाकलेला, ते बोट न घालता बघ. आणि घरात नियम कर: गाडी उघडताना-मिटताना थोरला तीन हात लांब. तुझा थोरला मदत करायला धावतो, म्हणून हा नियम.

मिटवून दाखवू नका, मला मिटवू द्या

छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने काढली. युद्धाच्या काळात त्याने स्पिटफायर विमानाच्या आत मिटणाऱ्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलं होतं. लेक नातवंडाला घेऊन परदेशातून आली, तिची अवजड गाडी सांभाळताना होणारी तारांबळ त्याने पाहिली, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची गाडी केली. तिचं वजन सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलो. तीही एका आजोबानेच केली, एवढं लक्षात ठेव.

दुकानदार गाडी एका झटक्यात मिटवून दाखवतो, कारण दिवसातून दहादा तो तेच करतो. तू तीच तांदळाची पिशवी कडेवर घेऊन पाच वेळा मिटव आणि उघड. उघडल्यावर खिट्टी 'टक' वाजून बसली पाहिजे. न बसलेल्या खिट्टीची गाडी पोरांसकट मिटते. ब्रेक पायाने दाबून बघ, आणि चप्पल घालूनच. काही ब्रेक सोडताना अंगठ्याने वर उचलावे लागतात. दुकानात बुटात कळत नाही, घरी चपलेत अंगठा सोलवटतो. एकाच दाबात मागची दोन्ही चाकं अडली पाहिजेत.

बसण्याचं

धाकटी सात महिन्यांची आहे, मान धरते, थोडी बसते. तरी तिला झोप लागली की पाठ टेकायला हवी. दोन्ही सीट वेगवेगळ्या मागे होतात का आणि दोन्हींना वेगळे टप आहेत का, ते बघ. एकाला झोप आणि एकाला चिमण्या बघायच्या, हे रोजचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर सपाट होणारी सीटच लागते. दर सीटला किती किलो चालतं तेही वाच. १५ किलोची मर्यादा असेल तर थोरल्याचे दिवस मोजकेच उरले.

आपलं ऊन

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. गाडी बाहेर काढायची ती सकाळी आठच्या आत नाहीतर संध्याकाळी ऊन उतरल्यावर. पट्ट्याची लोखंडी कडी उन्हात तापते, आधी आपला हात लावून बघ. आणि टपावर ओढणी किंवा दुपटं टाकून गाडी झाकू नकोस. सावली होते म्हणून आपण झाकतो, पण वारा बंद होतो आणि आत भट्टी होते. पावसाचं प्लास्टिकही पाऊस थांबला की काढ.

दांडीला पिशव्या अडकवू नकोस. तुझ्या मामीने भाजीच्या दोन पिशव्या लटकवल्या आणि पोराला उचलून घेताच गाडी मागे उलथली. पोर हातात होतं म्हणून बरं. टोमॅटो गेले.

कुठे न्यायची, कुठे नाही

सिद्धार्थ उद्यान, सकाळचं विद्यापीठ, मॉल: तिथे गाडी. गुलमंडी, सिटी चौक, नवरात्रातली कर्णपुऱ्याची यात्रा: तिथे नाही. गर्दीत गाडीतलं लेकरू लोकांच्या गुडघ्याच्या उंचीवर असतं. स्कूटरचा धूर आणि पिशव्यांचे कोपरे सगळे त्याच्याच तोंडावर. वेरूळ-अजिंठ्याला पायऱ्याच पायऱ्या, तिथे धाकटीला छातीशी बांध आणि थोरल्याला नवऱ्याच्या खांद्यावर दे.

हे सगळं वाचून कदाचित वाटेल की जोडगाडी नकोच. तेही बरोबर असू शकतं. पाच-सहा किलोची एकेरी गाडी थोरल्याला आणि बांधायची झोळी धाकटीला, यातही पुष्कळांचं भागतं. थोरला चालायला कंटाळत नसेल तर पैसे वाचव. कंटाळत असेल तर बादलीपासून सुरुवात कर.

तेल एकच थेंब

आणलीस की महिन्यातून एकदा चाकं पूस. आखाभोवती केस आणि दोरे गुंडाळलेले असतात, ते काढ. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. जास्त तेल घातलं की आपल्या गावची धूळ त्यात कालवली जाते आणि चाक सँडपेपरने घासल्यासारखं झिजतं. हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं. सुटे स्क्रू आणि माहितीचा कागद एका डब्यात ठेव. गाडी पुढे कुणाला देताना डबाही द्यायचा असतो.

तो दिवस लांब नाही. एका संध्याकाळी थोरला आपणच उतरेल, मागे येईल आणि दांडी धरून म्हणेल, "मी ढकलतो." ढकलू दे, पण तुझा एक हात दांडीवर ठेव. त्या दिवशी मला फोन कर. मोठ्याने बोल.

तुझे
आजोबा