भंगारातील मोटार

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात उमापूर नावाचे गाव आहे. या जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो ऊसतोड मजूर आपला संसार गाडीवर बांधून पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे निघतात. त्यांच्या हातातील कोयता पुष्कळदा मोडीत निघालेल्या एखाद्या मालमोटारीच्या पाट्यापासून घडविलेला असतो. मालमोटारीला रस्त्याचे धक्के सोसता यावेत, म्हणून तिच्या आसावर पोलादी पट्ट्यांची चवड बसविलेली असते. त्यातील प्रत्येक पट्टी म्हणजे पाटा. हे पोलाद मोठे चिवट! गाडी मोडली, तरी पाट्याचा गुण मोडत नाही. लोहार तो तुकडा भट्टीत तापवितो, ऐरणीवर ठोकून त्याला आकार देतो, धार काढतो आणि शेवटी पाणी देतो. ज्या पोलादाने एके काळी मालाचे ओझे पेलले, तेच पोलाद मग ऊस तोडू लागते.

मोडक्या वस्तूतून कामाची वस्तू घडविण्याची ही विद्या आपल्या गावांना नवी नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवावयाची असली, म्हणजे लोहार ती लालबुंद तापवी. तापल्याने धाव प्रसरण पावे. मग दोघेतिघे मिळून ती चिमट्यांनी उचलून चाकावर बसवीत व लगेच पाणी ओतीत. वाफेचा लोट उठे, लाकूड करकरे आणि आकुंचन पावलेली धाव चाकाला अशी आवळून धरी की, खिळा मारण्याचेही कारण पडू नये. शाळेत न शिकताही लोहाराला उष्णतेचा हा नियम ठाऊक असे. आज कित्येक गावांत भात्याच्या जागी वेल्डिंगचे यंत्र आले आहे. परंतु दुकानापुढे पडलेला मोडक्या लोखंडाचा ढीग मात्र पूर्वीसारखाच आहे. वाटसरूला तो ढीग भंगार वाटतो. कारागीर मात्र त्यात काहीतरी शोधीत असतो.

ऊसतोड मजुरांचे तांडे ज्या भागांत जातात, त्यांपैकी सांगली जिल्हा हा एक. या जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात, सागरेश्वराच्या डोंगराजवळ, देवराष्ट्रे हे गाव आहे. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ साली याच गावी, त्यांच्या आजोळी झाला. २०२१ साली या गावाचे नाव पुन्हा एकदा देशभर झाले. परंतु या वेळी ते झाले एका चिमुकल्या मोटारीमुळे.

श्री. दत्तात्रय लोहार हे देवराष्ट्रे येथील कारागीर. त्यांचे शालेय शिक्षण थोडेच झालेले; लोखंडी कामावर त्यांच्या कुटुंबाचा चरितार्थ चाले. आपल्या घरीही मोटार असावी, असा त्यांच्या मुलाचा हट्ट होता. कारखान्यातील नवी मोटार विकत घेणे तर शक्य नव्हते. तेव्हा श्री. लोहार यांनी जुन्या, टाकून दिलेल्या वाहनांचे सुटे भाग जमविण्यास आरंभ केला. ते कापून, घासून, जोडून त्यांनी एक चारचाकी उभी केली. तिला सुमारे साठ हजार रुपये खर्च आला. समोरून पाहिली, तर ती जीपची धाकटी बहीण शोभावी; पण तिची चाके रिक्षाच्या चाकांएवढी लहान, सुकाणू डाव्या हाताला, आणि चालू करण्याची रीत अगदीच न्यारी! मोटारीला किल्ली असते. हिला दुचाकीसारखी किक मारावी लागे. किक बसली की यंत्र फुरफुरू लागे आणि सारे कुटुंब गाडीत बसून गावातून फेरफटका मारी.

ऐकावयास ही गोष्ट सोपी वाटते. परंतु जुने भाग जोडून गाडी उभी करणे, किंवा बंद पडलेली जुनी मालगाडी पुन्हा रस्त्यावर आणणे, यांत पहिला प्रश्न जोडण्याचा नसतोच. पहिला प्रश्न पारखण्याचा असतो. भंगारातील कोणत्या तुकड्यावर भरवसा ठेवावा आणि कोणत्या तुकड्यावर ठेवू नये?

गंजाचे पाहा. वरवरचा गंज तारेच्या ब्रशाने घासला की निघून जातो व खाली चकचकीत लोखंड दिसते. परंतु हातोडीच्या टोकाने टोचताच जेथे पत्रा पापडासारखा फुटतो, तेथे गंजाने लोखंड आतून खाल्लेले असते. तो भाग कापून काढल्यावाचून गत्यंतर नसते. तड ओळखणे याहून कठीण. वर्षानुवर्षे धक्के सोसून पोलादही थकते आणि त्यात केसाएवढी बारीक चीर पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी जाणता कारागीर तो भाग दोरीने टांगून त्यावर हलकेच हातोडी मारतो. अखंड लोखंड घंटेसारखे खणखणते. तडा गेलेले लोखंड बद्द वाजते. माठ विकत घेताना आपली आजी त्यावर बोटाने टिचकी मारून पाहते, तीच ही परीक्षा. आगगाडीच्या चाकांवर लांब दांड्याची हातोडी मारीत जाणारा रेल्वेचा माणूसही पूर्वी हाच आवाज ऐकत असे.

दुसरी युक्ती याहून मनोरंजक आहे. संशय असलेला भाग रॉकेलमध्ये काही वेळ बुडवून ठेवावयाचा, मग फडक्याने स्वच्छ कोरडा पुसावयाचा आणि त्यावर शाळेतल्या फळ्यावरचा खडू फासावयाचा. भाग निर्दोष असेल, तर पांढरा रंग तसाच राहतो. चीर असेल, तर तिच्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर झिरपते आणि पांढऱ्या खडूवर एक काळपट रेघ उमटते. लोखंड जणू आपला दोष स्वतःच लिहून दाखविते!

काही वस्तू मात्र पारखण्याच्या भानगडीतच पडू नये. ब्रेकमधील रबरी वॉशर, रबरी नळ्या, ब्रेकचे झिजलेले अस्तर, हे सारे नवेच घ्यावे लागते. रबर वर्षांनुवर्षे पडून राहिल्याने कडक होते आणि ऐन वेळी फाटते. साठ रुपये वाचविण्यासाठी चार जिवांचा सौदा करणारा कारागीर शहाणा म्हणता येणार नाही.

भाग निवडून झाले, म्हणजे त्यांचे एकमेकांशी पटते की नाही, हा दुसरा प्रश्न उभा राहतो. बैलगाडीची दोन चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात. म्हणून बैलगाडी वळविताना काही अडचण येत नाही. पुष्कळ मोटारींत मागील चाकांना यंत्राने फिरवावयाचे असते. आता दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जखडून टाकली, तर काय होईल? चार मुले हातांत हात घालून एका रांगेत वळू लागली, तर आतला मुलगा जवळजवळ जागीच राहतो आणि बाहेरच्याला धावावे लागते. चाकांचेही तसेच. दोन चाकांत एक मीटर अंतर असेल, तर गाडी पूर्ण उलट दिशेला वळेपर्यंत बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा तीन मीटरांहून थोडे अधिक अंतर चालते. वळण लहान घ्या वा मोठे घ्या, हा फरक तेवढाच राहतो. वहीवर दोन अर्धवर्तुळे काढून हे कोणालाही पडताळून पाहता येईल. दोन्ही चाके जखडलेली असली, तर त्यांपैकी एक रस्त्यावर फरफटत जाते, टायर झिजतो आणि वळताना गाडी हटवादीपणा करते. म्हणून अशा मोटारीच्या मागील आसावर दातेरी चक्रांची एक पेटी असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. ही पेटी दोन्ही चाकांना शक्ती पुरविते, आणि तरीही प्रत्येकाला आपापल्या वेगाने फिरू देते. दुचाकीला मागे एकच चाक असल्याने तिला या पेटीची गरजच नसते. तेव्हा दुचाकीचे यंत्र चारचाकीला लावू पाहणाऱ्याला ही पेटी दुसऱ्या एखाद्या वाहनातून आणावी लागते, नाही तर एकाच चाकाला शक्ती देऊन भागवावे लागते. दुचाकीचे यंत्र वाऱ्यावर थंड होत असते. त्याला पत्र्याच्या झाकणाखाली कोंडले की ते तापू लागते. शिवाय बहुतेक दुचाक्यांना मागे जाण्याचा गिअर नसतो. एक अडचण सोडवावी, तो दुसरी पुढे येते. देवराष्ट्रे येथील ती मोटार नुसती उभी राहिली नाही, ती चालली. यात केवढे कौशल्य होते, ते यावरून ध्यानात येईल.

एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला बसावा, ही कल्पना जगाला पटविण्यात जीपचा वाटा मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. विलीज आणि फोर्ड या दोन निरनिराळ्या कंपन्यांनी त्या बांधल्या. परंतु दोघींचा आराखडा एकच ठेवला होता. त्यामुळे रणांगणावर एका जीपचे यंत्र निकामी झाले आणि दुसरीचा आस मोडला, तर सैनिक दोन्ही मिळून एक धडधाकट जीप उभी करीत. युद्ध संपल्यावर लष्कराला नको झालेल्या पुष्कळ गाड्या विक्रीस निघाल्या. आपल्याकडेही त्या आल्या आणि कारागिरांच्या हातून पुन्हा पुन्हा दुरुस्त होऊन घाटरस्त्यांवर धावत राहिल्या. पुढे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईतील महिंद्र अँड महिंद्र या कंपनीने विलीज जीपचे सुटे भाग परदेशातून पेट्यांत भरून आणविले आणि माझगाव येथे ते जोडून गाड्या तयार करण्यास आरंभ केला. आज मोठमोठे कारखाने असलेल्या या कंपनीचे मोटारीचे पहिले काम हे असे, दुसरीकडून आलेले भाग जोडण्याचे होते!

डिसेंबर २०२१ मध्ये श्री. लोहार यांच्या मोटारीची चित्रफीत याच कंपनीचे अध्यक्ष श्री. आनंद महिंद्र यांच्या पाहण्यात आली. त्यांनी ट्विटर या समाजमाध्यमावर तिचे मनापासून कौतुक केले. परंतु त्याच वेळी त्यांनी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली. ही गाडी नियमांत बसणारी नाही. आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर चालविण्यास मनाई करतील. म्हणून या गाडीच्या बदल्यात आपण श्री. लोहार यांना नवी बोलेरो देऊ आणि त्यांची गाडी आपल्या संशोधन केंद्रात ठेवू, असे त्यांनी जाहीर केले.

हे नियम कोणते, आणि ते कशासाठी? एका गरीब कारागिराने एवढ्या कष्टाने गाडी बनवावी आणि कायद्याने ती अडवावी, हे प्रथमदर्शनी निष्ठुरपणाचे वाटते. मुलांना तर नक्कीच वाटेल. परंतु रस्ता एकट्याचा नसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे प्रत्येक मोटारीची नोंदणी व्हावी लागते. तिच्या सांगाड्यावर व यंत्रावर क्रमांक कोरलेले असतात; त्यांवरून ती कोणाची, केव्हाची, हे कळते. नव्या जातीची गाडी बाजारात येण्यापूर्वी तिच्या नमुन्याची परीक्षा होते. अशी परीक्षा घेणारी एक नामांकित संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, १९६६ साली पुण्यात स्थापन झाली. गाडीचे ब्रेक किती अंतरात लागतात, दिव्यांचा प्रकाश कसा पडतो, धूर किती निघतो, हे सारे तेथे मोजून पाहतात. त्यांत ब्रेकचे गणित फार कडक असते. गाडीचा वेग ताशी २० किलोमीटरांवरून ४० झाला, म्हणजे वेग दुप्पट होतो. पण ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट होत नाही, ते चौपट होते. दोन माणसांच्या वजनासाठी घडविलेला ब्रेक चार माणसांच्या गाडीला पुरेल किंवा न पुरेलही. ते कारागिराच्या डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळत नाही. ते मोजावेच लागते.

जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याची वाट मात्र यामुळे बंद होत नाही. ज्या मालगाडीची नोंदणी झालेली आहे, तिचा सांगाडा व क्रमांक कायम ठेवून झिजलेले भाग बदलावेत, तपासणीत ती योग्य ठरल्याचे प्रमाणपत्र मिळवावे आणि मग ती खुशाल चालवावी. यंत्र बदलले, तर त्याची नोंद करवून घ्यावी लागते. श्री. लोहार यांची अडचण निराळी होती. त्यांची गाडी दुरुस्त केलेली नव्हती, नव्याने जन्मलेली होती. आणि तिला जन्माचा दाखलाच नव्हता.

बोलेरोचा प्रस्ताव आला, तेव्हा लोहार कुटुंब लगेच हरखून गेले असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे झाले नाही. ही गाडी म्हणजे आमच्या घरी आलेली पहिली लक्ष्मी. ती कशी द्यावी, असा विचार त्यांच्या मनात आला. बाजारभावाने पाहिले, तर साठ हजारांच्या गाडीपुढे बोलेरोची किंमत कितीतरी पटींनी अधिक. परंतु आपल्या हातांनी जिचा एकेक सांधा जोडला, त्या वस्तूचा भाव बाजारात ठरत नाही. काही दिवस गेले. मग कुटुंबाने प्रस्ताव स्वीकारला.

२४ जानेवारी २०२२ रोजी नवी बोलेरो लोहार कुटुंबाच्या स्वाधीन करण्यात आली आणि कंपनीने त्यांची चिमुकली मोटार ताब्यात घेतली. तमिळनाडूत चेन्नईजवळ महिंद्र रिसर्च व्हॅली नावाचे कंपनीचे संशोधन केंद्र आहे. नव्या गाड्यांचे आराखडे आखणारे अभियंते तेथे काम करतात. तेथील निरनिराळ्या गाड्यांच्या संग्रहात या गाडीला स्थान मिळेल, असे श्री. महिंद्र यांनी त्या वेळी कळविले. नवी बोलेरो किल्ली फिरविताच सुरू झाली. तिला किक नव्हती.